पाय घ्या आत

विमलमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या खोलीच्या बंद दारासमोर. त्यांनी पाण्याची कळशी खाली ठेवली, कुलूप काढलं, कडी सरकवली. मग दार ढकलायच्या ऐवजी त्यावर तीनदा टकटक केलं आणि फटीशी तोंड नेऊन हळूच म्हणाल्या, "पाय घ्या आत. येऊन रायली मी." एवढं बोलून थांबल्या. आत कुणी कूस बदलायची वाट पाहावी तशा. मग दार ढकलून कळशी उचलली आणि आत गेल्या.

बाहेरून कुलूप असलेल्या खोलीत कोण असणार? मी मान लांब करून पाहिलं. नऊ बाय दहाची खोली, एक ट्रंक, एक स्टोव्ह, कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली गादी. माणूस नव्हतं.

"आत कोण आहे, मावशी?"

"कोनी नाई."

"मग पाय घ्या म्हणून कुणाला सांगितलंत?"

"सांगा लागते," त्या म्हणाल्या. "तू कोन व? मतं मागाले आली का?"

मतं नव्हे, मी माहिती मागायला आले होते. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. बिबवेवाडीत एकेक चाळ पाडून इमारती उठत होत्या, आणि आमचा पाच-सहा जणांचा गट एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांची पाहणी करत होता. त्यातून पत्रक निघणार होतं. त्याचं नावही ठरलं होतं: 'माणूस म्हणजे सामान नव्हे'. मी सदाशिव पेठेतून सायकलवर यायचे आणि दारोदार छापील प्रश्न विचारायचे. मावशींनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा नाकावर चढवून सावकाश वाचला आणि परत दिला.

"यात खोलीचे तोटेच इचारले. फायद्याचा रकाना कुठी हाय?"

"एवढ्याशा खोलीचा फायदा काय असणार?"

"पाय बाप्पा! तुले उत्तर मालूम हाय, तं आली काहाले?"

ही आमची ओळख. पुढे मी गल्लीत दिसले की त्या हाक मारायच्या, "आली पत्रकवाली!" आणि पितळीत चहा ओतायच्या. चहा पिताना मी कागदाच्या मागच्या बाजूला त्यांचा रकाना भरायचे, आधी त्यांचं मन राखायला, मग खरंच ऐकत. त्या म्हणत, "चुलीपासून उठा नाई लागत, मीठ हाताशी, देव हाताशी, लेकरू हाताशी." म्हणत, "भांडन झालं तं तोंड फिरवाले जागा नाई. मंग बोलाच लागते." एकदा म्हणाल्या, "लहान घरात मानूस हरपत नाई, पोरी. श्वास घेतला तरी समजते." हे वाक्य मी लिहून घेतलं तेव्हा त्या कोपऱ्यातल्या गादीकडे बघत होत्या. मीही बघितलं. नुसती गादी होती. पण त्या दिवसापासून मी तिच्याकडे पाठ करून बसले नाही.

मावशी अकोल्याकडच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हा याच खोलीत त्यांचे यजमान, धाकटा दीर आणि गावाकडचा एक चुलत दीर राहत होते. तिघंही सातारा रस्त्यावरच्या एकाच कारखान्यात, तीन वेगवेगळ्या पाळ्यांना. गादी एकच. एक उठायचा तेव्हा दुसरा यायचा, आणि गादी कधी गार व्हायची नाही. दार आत उघडायचं आणि गादी अंथरायला जागा एकाच दिशेने होती. झोपलेल्याचे पाय दाराला टेकायचे. म्हणून बाहेरून येणाऱ्याने टकटक करायची, 'पाय घ्या' म्हणायचं, आतल्याने झोपेतच गुडघे पोटाशी ओढायचे आणि मग दार ढकलायचं. दुसरा नियम याहून कडक होता. पाळी करून आलेल्या माणसाला त्याची वेळ झाल्याशिवाय उठवायचं नाही, काहीही झालं तरी. नंदू, त्यांचा मुलगा, तापाने फणफणला होता तेव्हाही मावशी त्याला घेऊन जिन्यात बसल्या होत्या.

पुढे कारखान्याने माणसं कमी केली. दोघं दीर गावी परतले. यजमानांनी एका नव्या इमारतीवर राखणदारी धरली. ते दिवसा झोपू लागले. इतकं मावशींनी मला पहिल्या महिन्यात सांगितलं. टकटक करतात ती जुनी सवय, एवढाच अर्थ मी काढला आणि पत्रकात एक ओळ टाकली: 'गादीही जिथे पाळीने मिळते.' मला ती ओळ फार आवडली होती.

मी ती त्यांना वाचून दाखवली. मावशी शेंगा सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"सारं लिहाचं असन तं सारं आईक," त्या म्हणाल्या.

एका दुपारी त्या मंडईतून भाजी घेऊन परतल्या. यजमान आत झोपले होते. टकटक केलं. 'पाय घ्या आत' म्हणाल्या. आतून सळसळ आली नाही. दार बोटभर सरकलं आणि पायाला अडलं. गाढ झोप लागली असेल, काल दुहेरी पाळी झाली होती. त्यांची उठायची वेळ चारची. मावशी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. शेजारीण म्हणाली, "अहो, ढकला की दार!" त्या म्हणाल्या, "चार नाई वाजले." तासाने पुन्हा टकटक केलं. पुन्हा बसल्या. मेथी सुकू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं. चारला त्यांनी खांदा लावून दार ढकललं. ते उघडलं, पण आतले पाय घेतले गेले नाहीत, नुसते घसरले.

"डॉक्टरनं इचारलं, कवापासून झोपले होते. मी म्हनलं, दुपारपासून. त्यानं तेवढंच कागदावर लिहून घेतलं." मावशींनी पुन्हा शेंग उचलली. "मी आली तवा जीव होता का नव्हता, कोन सांगन? मीनं आवाज देल्ला, तो त्याईले आयकू गेला का नाई, एवढंच मले कोनी सांगत नाई."

मला संताप आला. खोलीचा, कारखान्याचा, गादी पाळीने वाटायला लावणाऱ्या सगळ्या व्यवस्थेचा. मी म्हणाले, "मावशी, तुमची काही चूक नाही. या खोलीने मारलं त्यांना."

त्या माझ्यावर कडाडल्या. "खोलीले नाव नाई ठेवाचं! खोलीत हायेत ते, म्हनून तं मी हावो."

तेव्हा मला कळलं, की टकटक ही सवय नव्हती. त्या रोज विचारत होत्या आणि रोज उत्तराची वाट पाहत होत्या.

नंदू तोवर संगणक शिकून एका कंपनीत लागला होता. त्याच बिबवेवाडीत टेकडीच्या बाजूला त्याने सहाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आईने यावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. मावशी हलत नव्हत्या. इकडे मालकाने चाळ विकायला काढली. नंदू एक दिवस मला गल्लीच्या तोंडाशी गाठून म्हणाला, "ताई, माझं ऐकत नाही ती. तुमचं ऐकेल. तुम्ही एवढं लिहिता, माणसाला जागा पाहिजे म्हणून. मग सांगा ना तिला!"

यावर मी नाही कसं म्हणणार? मी जाऊन सांगितलं. तासभर बोलले. हवा, उजेड, हक्क, सगळं सांगितलं. मावशी ऐकत राहिल्या. शेवटी मी म्हणाले, "तिथे दार उघडताना कुणाच्या पायाला लागणार नाही, मावशी."

त्यांनी चहाच्या पितळ्या बाजूला सारल्या. मग कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "आयकलं का? ही म्हंते, जाऊ." आणि मला म्हणाल्या, "चाला म्हनतात."

सामान एका टेम्पोत मावलं. गादी मावशींनी स्वतः उचलून नेली, कुणाला हात लावू दिला नाही.

मे महिन्यात नंदूच्या बायकोचा, अर्चनाचा, फोन आला. ती नारायण पेठेतली, बोलायला सरळ. "तुम्ही आणून सोडलंत ना त्यांना? मग एकदा येऊन बघून जा. आमच्याकडे सहा दारं आहेत. सहाही दारांशी थांबतात. बाथरूमचं दारसुद्धा विचारून उघडतात. ते चालेल हो. पण आता भलतंच सुरू झालंय."

मी दुपारी गेले. मोठा हॉल, गुळगुळीत फरशी, बोललं की आवाज भिंतीवरून परत यायचा. टोकाच्या खोलीबाहेर मावशी जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, पायरीवर बसल्यासारख्या. ती खोली त्यांचीच होती.

"तीन दिवस झाले," अर्चना हळू आवाजात म्हणाली. "आत जात नाहीत. रात्री इथेच पडतात. म्हणतात, दार अडतंय, आत झोपलेत. ह्यांनी ढकलायला हात लावला तर किंचाळल्या. मग मीही नाही लावला. खोटं कशाला बोलू, भीती वाटते मला."

मी मावशींपाशी बसले. त्या किती वाळल्या होत्या! माझा हात धरून म्हणाल्या, "लय दिवस सापडतच नव्हते, पोरी. एवढं मोठं घर. मी या खोलीत पाये, त्या खोलीत पाये. इथी हायेत. दार अडलं तवा समजलं."

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. त्याविरुद्ध भाषणं केली आहेत. मी उठले आणि दारावर तळवा ठेवून जरा रेटलं. दार बोटभर सरकलं आणि अडलं. लाकूड लाकडाला किंवा फरशीला घासतं तसं नाही. काहीतरी मऊ, जड, किंचित मागे हटणारं. मी हात काढून घेतला.

"चार वाजले का?" मावशींनी विचारलं.

अर्चनाने घड्याळाकडे पाहिलं. "तीन वाजून दहा मिनिटं."

मावशी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. दारावर तीनदा टकटक केलं. "पाय घ्या आत. येऊन रायली मी." आम्ही तिघी थांबलो. हॉलमधल्या पंख्याशिवाय कशाचाच आवाज नव्हता. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं भय त्या खोलीतल्या कुणाचं नव्हतं. मागच्या त्या दुपारचं होतं.

"या टायमाले मी नाई थांबत," त्या म्हणाल्या. "पन मह्या हातात जोर नाई. तू ढकल."

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, की दारं ढकला. तरी खांदा त्या दाराला टेकवायच्या आधी मी एकदा मागे पाहिलं. मी रेटलं. दार अडलं. मी पुन्हा रेटलं. आणि मग आतला अडसर सुटला. एकदम नाही, हळूहळू. झोपेतलं माणूस कुरकुरत गुडघे पोटाशी ओढतं तसा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. दार भिंतीपर्यंत उघडलं.

आत लख्ख ऊन होतं. कॉट, कपाट, कॉटवर गुंडाळलेली गादी. दारामागे काहीही नव्हतं. फरशीवर साधी चिंधीसुद्धा नव्हती.

नंदू संध्याकाळी म्हणाला, "पावसाळ्यात दारं फुगतात, ताई." मी त्याला सांगितलं नाही, की पाऊस अजून महिनाभर लांब होता.

दार उघडलं त्या क्षणी मावशी मात्र दाराशी वाकून माझं तोंड निरखत होत्या. "पाय घेतले नं त्याईनं? तुले समजलं नं?"

मी खोटा दिलासा कधी कुणाला दिलेला नाही. लोकांना गोड बोलून झोपवणाऱ्यांवर मी जन्मभर तुटून पडले आहे. मी म्हणाले, "हो मावशी. घेतले."

त्या आत गेल्या. खोलीच्या मधोमध उभ्या राहून चारी भिंतींकडे बघितलं.

"म्हंजे आयकू येत होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग कॉटवरची गादी उलगडून अंथरली. पाय खिडकीकडे करून आडव्या झाल्या आणि दार उघडंच ठेवून संध्याकाळपर्यंत झोपल्या.

त्यानंतर त्यांनी कुठल्याच दारावर टकटक केलं नाही. नंदूने माझे आभार मानले. आमचं पत्रक निघालं, आणि त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही; नऊ बाय दहाच्या खोलीत पाच माणसं कोंबणं हा गुन्हाच आहे. पुढच्या वर्षी मावशी गेल्या, झोपेतच. मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा त्या सहाव्या मजल्याच्या बाल्कनीत एकट्याच बसल्या होत्या. मी विचारलं, "बरं वाटतं ना इथे, मावशी?"

"बरं हाय," त्या म्हणाल्या. "आता कोनीच नाई. लय जागा हाय."