मधूचं पित्त

“तीन बोटं उभी घाला तोंडात,” यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. मधूचं एक बोट गेलं, दुसरं दातांवरच अडलं. डॉक्टरांनी बॅटरीनं आत पाहिलं. “ओरल सबम्युकस फायब्रोसिस आहे. म्हणजे तंबाखूच्या खर्र्यातल्या सुपारीनं गाल आतून ताठ झालेत. पण मागची जखम मला चांगली वाटत नाही. बायोप्सी करू.” बायोप्सी म्हणजे जखमेचा बारका तुकडा काढून तपासतात.

मी शेजारीच बसलो होतो. घाम मधूपेक्षा मलाच जास्त फुटला, कारण वर्षभर मी या माणसावर भलताच संशय धरून बसलो होतो.

मधू पुसदच्या कोर्टात बाबू. मी गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरचा शेतकरी. दोस्ती शाळेपासूनची. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायचा. ज्वारीची बाटी, म्हणजे आमची भाकर, आणि लाल मिरचीचा ठेचा. त्याच्या घरी चातुर्मासात कांदा बंद, पण आमच्या चुलीपुढे बसला की गडी कशालाच नाही म्हणायचा नाही.

मग एकदम म्हणायला लागला, “ठेचा नको, पित्त आहे.” पुढे भाकरही नको. चहा तेवढा घ्यायचा, तोही गार करून. त्याच सुमारास त्याच्या मुलीचं लग्न नागपूरच्या बड्या घरात ठरलं. मला वाटलं, पाणी इथंच मुरतंय. साहेबांना जात आठवली!

माझी बायको म्हणाली, “काही दुखत असंल त्याईचं.”

“वर्षभर पित्त राह्यते काय कोणाचं?” मी म्हणालो, आणि त्याच्याशी बोलणंच टाकलं. शेवटी दाढ दुखते म्हणून त्याची बायकोच मला बोलवायला आली, तेव्हा त्याला घेऊन यवतमाळ गाठलं.

बायोप्सीच्या रांगेत जो तो सांगत होता, तुकडा काढला की रोग पसरतो. मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, “तुकड्यानं पसरत नाही, उशिरानं पसरतो.” मला वाटलं, हे यांचं पाठ केलेलं वाक्य असणार. रिपोर्ट आला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाचा कॅन्सर. डॉक्टरांचा संशय खरा निघाला.

नागपूरला ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही वॉर्डाबाहेर बाकावर बसलो होतो. मी विचारलं, “मी काय समजून राह्यलो होतो, तुले माहीत होतं न?”

“होतं,” मधू दातांच्या फटीतून म्हणाला. “बरंच झालं म्हटलं. तू जातीवर रुसला, म्हणून तोंड उघडून पाहायले आला नाही.”

“अन् सांगितलं काहून नाही बे?”

“सांगितलं असतं तं खर्रा सोडा लागला असता.”

हसावं की त्याची गचांडी धरावी, मला कळेना.

ऑपरेशननंतर राइल्स ट्यूब घातली, म्हणजे नाकातून पोटापर्यंत नळी. सिस्टरनं दिलेल्या पावडरीच्या डब्यावर माझा विश्वास नव्हता. डॉक्टर म्हणाले, “पातळ, गाळलेलं काहीही चालेल.” मग घरी आल्यावर माझी बायको रोज ज्वारीची आंबील गाळून द्यायची आणि मी ती सिरिंजनं सोडायचो. नळीतून चव कळत नाही. तरी मधू आधी आंबिलीचा डबा नाकाशी धरायचा, मगच मान हलवायचा. मला त्याच्यासोबत ते दिवस मिळाले, याबद्दल मी ऋणी आहे.

पुढे गाठ मानेत उतरली. मधू गेला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मी अजूनही संशयीच आहे. परवा लग्नाच्या पंगतीत यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या साडूनं तिखट भाजी नको म्हटली. मी तिथंच म्हणालो, “तीन बोटं घालून दाखव.” तो ताट सोडून उठला आणि चारचौघांत त्यानं मला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या.

“कायले अपमान केला पाहुण्याचा?” बायको रागावली.

“तोंड तं उघडलं न त्यानं,” मी म्हणालो. “चांगलं उघडते. मी आत पाह्यलं.”

तुमचा माणूस जेवायला नाही म्हणू लागला, तर अबोला धरू नका, भांडा. मी त्या वर्षी मधूशी एकदा जरी कडाकडा भांडलो असतो, तर तोही ओरडायला गेला असता, आणि त्याचं तोंड उघडत नाही हे मला दिसलं असतं.