उलट्या पोपटांची साडी

आमच्या खेळाच्या सुनंदा मॅडम मैदानावर शिट्टी विसरून यायच्या, पण साडी कधी विसरल्या नाहीत. नेसलेली नव्हे, पिशवीतली. छपाईत बिघडलेली, हिरव्या पोपटांची. सगळे पोपट डोक्यावर उभे. सुरतजवळ कडोदऱ्याच्या आमच्या मराठी शाळेत निम्म्या मुलांचे वडील साड्या छापणाऱ्या मिलमध्ये, त्यामुळे बिघडलेल्या साडीचं कुणाला नवल नव्हतं. मॅडम तिचं काय करायच्या, त्याचं होतं.

सामन्याआधी कुणाचा चेहरा उतरला की त्या साडी उलगडायच्या. दोन कोपरे त्याच्या हातात, दोन स्वतःच्या. "मागे जा. ताण. झटक. आता आठे ये, इकडे." काठाला काठ लावत दोघांनी एकमेकांकडे यायचं. घडी वाकडी झाली की पुन्हा पहिल्यापासून. समोरच्याचे हात पाहिल्याशिवाय साडीची घडी जमत नाही, आणि ते पाहताना स्वतःच्या पोटातल्या गोळ्याकडे लक्ष राहत नाही.

"मुली रडतात, पोरांचं पोट दुखतं," त्या म्हणायच्या. "रोग एकच."

आमच्या विशाल पैलवानाचं पोट कुस्तीआधी हमखास बिघडायचं. एकदा मॅडमनी त्याच्यासमोर खो-खोतली रडवेली रेश्मा उभी केली.

"मॅडम, मी साडी धरू? समोरचा पैलवान बघतोय!"

"बघू दे. त्याला सांग, पुढचा नंबर तुझा."

रेश्मा डोळे पुसत म्हणाली, "ए हत्ती, नीट ताण ना!" विशाल इतका चिडला की पोट विसरला.

मी आठशे मीटर धावायचे. सुरुवातीच्या रेषेवर माझे पाय थंड पडायचे. दोन शर्यतींत मी तिथूनच परत फिरले होते. सुरतच्या जिल्हा स्पर्धेतही तसंच झालं तर खेळ सोडायचा, असं मी मॅडमना सांगून टाकलं होतं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

त्या दिवशी शर्यतीआधी मी त्यांना शोधत मंडपामागे गेले. साडीचं एक टोक कुंपणाला बांधून त्या एकट्याच घडी घालू पाहत होत्या. कुंपण काही पुढे येत नव्हतं.

"मॅडम, काय झालं?"

"पोट दुखी राह्यनं." घाबरल्या की त्या घरच्या अहिराणीवर यायच्या.

"पण पोट तर पोरांचं दुखतं ना?"

"रडले असते गं, पण काजळ घातलंय."

"आजच असं होतंय?"

"दर सामन्याला होतं. तुला काय वाटलं, साडी मी फक्त तुमच्यासाठी आणते?"

मी कुंपणाची गाठ सोडली आणि कोपरे धरले. घडी होईपर्यंत माझं नाव दोनदा पुकारून झालं होतं. "चाल हवे, पळ आता!" मॅडम गुजरातीत ओरडल्या.

मी धावले. चौथी आले, निवड तिघींची होती. तरी मॅडमनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

आता त्या निवृत्त होऊन शिरपूरला असतात. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. निकालाच्या सकाळी मी आईच्या हातात चादरीचे दोन कोपरे दिले.

पण डोळ्यांसमोर राहिली आहे ती सुरतच्या त्या शर्यतीत रेषेवरून मागे टाकलेली एक नजर. माझे पाय थंडच होते, पण जागेवर होते. मंडपाशी मॅडमनी साडी पुन्हा उलगडली होती, आणि दुसरं टोक पलसाण्याच्या शाळेच्या सरांनी धरलं होतं. त्यांच्या शाळेची धावपटू माझ्या शेजारीच उभी होती. मॅडम आणि सर, दोघांचे चेहरे पांढरेफटक. घडी वाकडी झाली असावी. मॅडम सरांना रागावत होत्या.