अरिबाची माती अडवणारी झुबेदा

आमच्या गावच्या कबरस्तानात पिराचा घुमट आहे, आदिलशाहीच्या काळातली दगडी थडगी आहेत आणि त्या सगळ्यांची राखण करणारी झुबेदा मुजावर आहे. पिराला सगळं गाव भितं, झुबेदाचाचीला जरा जास्तच. साठीची काटकुळी बाई. नवरा गेल्यापासून दर्ग्याची झाडलोट तीच करते, ऊद घालते आणि घुमटात चप्पल घालून शिरणाऱ्याचा बाप काढते. माझं वेल्डिंगचं दुकान कबरस्तानाच्या भिंतीला लागून, त्यामुळं माझाही बाप बऱ्याचदा निघालेला आहे.

तिचं दुसरं काम मात्र कुणाला दिसत नसे. मुसलमानांत बाई गेली की तिला शेवटची आंघोळ बाईनंच घालायची, आणि गावात ते झुबेदा करायची. चादरीखाली जे दिसेल ते बाहेर बोलायचं नाही, असा त्या कामाचा दंडक. पोटावरचे व्रण, जुने चटके, सगळं ती गिळत आली. मला हा दंडक कधी पटला नाही, पण मला विचारतो कोण?

गेल्या उन्हाळ्यात मोहसीनची बायको अरिबा मेली. विशीतली पोर. मोरीत पाय घसरला, डोकं आपटलं, असं सासरच्यांनी सांगितलं. कवठे महांकाळहून तिचा बाप चांदसाहेब येईपर्यंत इकडं कबर खणून तयार होती. ती घाई बघूनच माझं डोकं सणकलं.

आंघोळीच्या वेळी काय झालं ते झुबेदानं नंतर पोलिसांना सांगितलं. अरिबाच्या गळ्याला ओढणी गच्च बांधलेली होती. "ऱ्हाऊ द्या ती, मान कलंडतीया," अरिबाची जाऊ म्हणाली. झुबेदानं ओढणी सोडली. गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते. तिनं आंघोळ पुरी केली, कफन बांधलं आणि ओल्या हातांनीच कबरस्तानात आली.

माती देताना बायका तिथं येत नाहीत. झुबेदा थेट उघड्या कबरीत उतरली आणि आडवी झाली.

जनाजा आला. मोहसीन ओरडला, "बाहेर हो, म्हातारे!"

"न्हाई हुनार! चांदसाहेब, पोरीचा गळा बघा. दाबून मारलंय तिला. एकदा माती पडली की संपलं सगळं!"

मोहसीननं केस धरून तिला वर ओढलं. ती कडेच्या दगडाला चिकटून राहिली, तेव्हा त्यानं फावडं उचलून तिच्या उजव्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला भिंतीपलीकडं ऐकू आला. दुसरा घाव तोंडावर बसला आणि दात मातीत पडले. मी भिंतीवरून उडी टाकून त्याच्या कंबरेला मिठी मारली, तर त्याचा भाऊ माझ्या पाठीत लाथा घालू लागला. आणि गावातले एवढे बाप्ये नुसते बघत उभे! आठवलं की अजून माझं रक्त उसळतं. झुबेदा रक्तानं भरलेल्या तोंडानं एकच ओरडत होती, "गळा बघा, चांदसाहेब!"

चांदसाहेब जनाज्यापाशी बसला. बापच तो, लेकीचं तोंड बघायला त्याला कोण अडवणार? त्यानं कफनाची गाठ सोडली, कापड खाली सारलं आणि जनावरासारखा हंबरला. मग ते बाप्ये जागे झाले. त्यांनी मोहसीनला इतका तुडवला, की पोलिसांना त्याला उचलून न्यावं लागलं. आमच्या हिंदूंच्या आळीत मेली असती तर आम्ही तासाभरात जाळून मोकळे झालो असतो, म्हणून मी त्यांच्या धर्माला नावं ठेवत नाही.

मोहसीन तुरुंगात आहे. झुबेदाचा उजवा हात वर होत नाही. आणि जमातीतल्या काही वडीलधाऱ्यांनी ठरवलं, मय्यतीचा परदा फोडणारी बाई आता आंघोळीला नको. लाज वाटायला पाहिजे त्यांना! हे कळलं त्या दिवशी ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

परवाच्या गुरुवारी, पिराच्या जुम्मेरातीला, एक नवी सून पिराला फुलं घालून तिच्या ओट्यापाशी घुटमळली. मी दुकानाच्या दारातच होतो. पदर गालावर ओढून पोरगी म्हणाली, "चाची, आमच्या घरनं बोलावणं आलं न्हाई, तरी मला धुवायला तुमीच या."

झुबेदानं तिचा पदर बाजूला केला. गाल सुजून काळा पडला होता.

"मेल्यावर कशाला?" म्हणत तिनं डाव्या हातानं पोरीचं मनगट धरलं आणि माझ्यावर खेकसली, "कपिल, गाडी काढ रं. कुंडलला सोडायचीया हिला, माहेरी."