गाडलेला डोळा

मी संशयी माणूस. भाजीवालीनं वर मूठभर मिरच्या टाकल्या तरी आधी त्यातली किडकी शोधतो. त्यामुळं दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, संत्र्याची रोपं आणून दिली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकलीच. वाशी तालुक्यातल्या आमच्या रानात तोवर नुसता ऊस.

लावताना दाजींनी खोडावरची गाठ दाखवली. खाली जंबेरी, म्हणजे रानटी लिंबू, अन् तिच्यावर संत्र्याच्या फांदीचा डोळा बांधलेला.

"ह्यो डोळा मातीच्या वीतभर वर ठेवा. खालनं काय फुटलं तर खुडून टाका."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, त्यांच्या गावी, सास्तुरात, परसात दहा झाडं लावून कुणी बागायतदार होत नसतो. उसाचा डोळा मातीत गाडल्याशिवाय उगवतो का? दाजींची पाठ वळली आणि मी उसासारखीच प्रत्येक खोडाला मातीची दणकून भर लावली. गाठी दिसेनाशा झाल्या.

झाडं जोमात आली. मग लांब काटे दिसले. पान चुरगाळलं तर लिंबाचा वास. तिसऱ्या वर्षी फळं धरली ती पिवळी, खडबडीत, तोंड वाकडं करणारी. संत्र्याची साल कशी नुसत्या बोटानं सुटते. हिला नखं लावून दमलो.

संतापून अक्काला फोन केला. "तुझ्या नवऱ्यानं माझ्या डोळ्यात धूळ फेकली!"

त्या भाऊबीजेला ती आली नाही. आजवर तिनं एकही चुकवली नव्हती. मला फार लागलं ते. तरी वाटलं, लबाडी उघडी पडली म्हणून तोंड लपवत असेल.

पुढं एका सकाळी दाजी मोटरसायकलवर आले. चहा घेतला नाही. खुरपं मागून बांधालगतच्या झाडाची भर उकरली. वीतभर खाली गाठ निघाली, काळी पडलेली, डिंक वाळलेला. संत्रं कधीच कुजून गेलं होतं. माती फोडून वर आली होती ती जंबेरी.

"भर कुणी लावली?"

"म्या. उसाचा डोळा..." मला लाज वाटली.

दाजींनी हात झटकले. "तिला तुमीच सांगा."

अक्कानं तिसऱ्या वेळी फोन उचलला.

"दाजींनी न्हाय फसवलं, अक्का. डोळा म्याच गाडला."

ती म्हणाली, "यंदा ओवाळायला येऊ व्हय? का निरांजनातल्या तुपाचाबी वास घेऊन बघशील?"

"ये," एवढंच मी म्हणालो.