रुमालाखालचा हात

नाथाजीमामा सांगलीच्या हळदपेठेत एका अडत्याकडे सौदे करायचा. तिथे भाव कुणी बोलत नसे. मामा रुमालाखाली हात धरी. खरेदीदार एकेक करून आपला हात आत घालत आणि त्याची बोटं दाबून भाव सांगत. सगळ्यांचे हात झाले की मामा वरचा भाव पुकारी. वीस वर्षं त्याच्या पुकाऱ्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

१९७४ साली त्या हाताला कंप सुटला. मिरजेच्या डॉक्टरांनी पार्किन्सनचा आजार सांगितला आणि लेव्होडोपा नावाची नवी गोळी मुंबईहून मागवून दिली. दोन महिन्यांत हात थांबला. मामा पुन्हा पेठेत उभा राहिला.

गोळीनं मळमळायचं, जेवण जात नसे. शालूमामीनं ओळखीच्या कंपाउंडरकडून ताकदीचं टॉनिक आणलं.

"आवं, प्या गुमान. हळकुंडागत सुकलाय नुसतं."

"मग पेठंत भाव ईल की मला," मामा म्हणाला आणि प्यायला.

पंधरा दिवसांत कंप परत आला. मामा कुणाला बोलला नाही. रुमालाखालचं कोण बघतंय, असं त्याला वाटलं असावं. पण थरथरत्या बोटांना लालासाहेबांचा एक दाब दोनदा लागला आणि मामानं तो वाढीव भाव पुकारला.

"एवढं मी कवा दाबलं रं नाथा?" लालासाहेब पेठेतले जुने व्यापारी. त्यांनी रुमाल उचलला. "तुजाच हात नाचतोय गड्या!"

माणसं हसली. पुकारलेला भाव मोडत नाही म्हणून लालासाहेबांनी माल उचलला. दुसऱ्या दिवशी रुमाल दुसऱ्याच्या हातावर होता.

डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही घेता का?" मामानं टॉनिक सांगितलं. त्यातलं ब-सहा जीवनसत्त्व या गोळीचा गुण मारतं, ते म्हणाले.

घरी मामीनं विचारलं, "काय म्हनले?"

"टॉनिक पुरं म्हनले. अंगात ताकद आली आता."

मामीला बरं वाटलं. खरं कारण तिला अजून ठाऊक नाही.

थोड्या दिवसांनी हात पुन्हा शांत झाला. मामा पेठेत गेला. सौदा सुरू होता. त्यानं उजवा हात पुढे करून लालासाहेबांना दाखवला. लालासाहेबांनी तो नीट पाहिला आणि त्यात चहाची कपबशी ठेवली.

"बस रं. दमला असशील."

मामा पोत्यावर बसला. चहा प्यायला. बशीत थेंबही सांडला नाही.