समोरचा गाळा

चनबसप्पा उंबरजे यांचा धंदा जुन्या गोण्यांचा. सोलापूरच्या मार्केट यार्डाजवळ एका बोळात त्यांचं दुकान आहे. रिकाम्या गोण्या विकत घ्यायच्या, झटकायच्या, फाटलेल्या असतील त्या दाभणाने शिवायच्या आणि डाळ मिलला विकायच्या. धंद्याविषयी याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत होतं. पण त्याच गोण्यांवर त्यांनी जुळे सोलापुरात घर बांधलं, मुलीला, काव्याला, इंजिनीअर केलं, आणि लोकांना वाटायला लागलं की या माणसाकडे काहीतरी गुपित आहे.

तरुण व्यापारी मंडळाचा सेक्रेटरी सिद्धलिंग एकदा दुकानात आला.

"अप्पा, रविवारी तुमचं भाषण ठेवलंय. 'शून्यातून कोटीकडे'."

"माझ्याकडे कोटी नाहीत की."

"बॅनर छापून आलाय, अप्पा."

छापून आलेल्या गोष्टीपुढे चनबसप्पांचं काही चालत नसे. ते गेले.

हॉल भरला होता. चनबसप्पा माईकसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "श्रीमंत कसं व्हायचं ते मला ठाऊक नाही. गोण्यांचं विचारा, सांगतो."

कोणी काही विचारलं नाही. मग त्यांनी आपणच सांगायला सुरुवात केली. गोणी उलटी केल्याशिवाय घेऊ नये, भोक नेहमी बुडाला असतं. मिरचीची गोणी डाळवाल्याला देऊ नये, तो एकदाच घेईल. चार गोण्या घेऊन आलेल्या म्हाताऱ्यालाही बसायला सांगावं, त्याच्या गावात चारशे गोण्या असतात. सासुरवाडीच्या माणसाला भागीदार करू नये. इथे हॉल हसला. पहिल्या रांगेत बसलेल्या गौरम्मा, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसल्या नाहीत.

टाळ्यांमुळे चनबसप्पांना धीर आला आणि ते थोडं जास्त बोलले. "जागा महत्त्वाची. आता माझ्या समोरचाच गाळा घ्या. यार्डातून बाहेर पडणारा माणूस आधी त्या गाळ्यासमोर येतो, मग माझ्या. भाडंही कमी. कधीचा रिकामा पडलाय, पण घ्यायचं कोणाला सुचत नाही."

महिना उलटायच्या आत तो गाळा गेला. मोडनिंबचा कुंडलिक म्हणून एक टेम्पोवाला होता, चाळिशीचा. टेम्पो विकून त्याने त्या गाळ्यात जुन्या गोण्यांचं दुकान टाकलं. पहिल्याच दिवशी तो पेढे घेऊन आला आणि चनबसप्पांच्या पाया पडला.

"काका, तुमच्यामुळं हाय हे सगळं. तुमचं भाषण मोबाईलवर घेतलंय मी. टेम्पोत रोज ऐकायचो."

चनबसप्पांनी पेढा खाल्ला. 

घरी त्यांचं बोलणं कानडीत चालायचं. त्यांनी बरंच काही सांगितलं. गौरम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि "साकु" म्हणजे पुरे, एवढंच म्हटलं. थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "पत्ता तुम्हीच दिलात. तोही माईकवरून."

त्यानंतरचे दोन-तीन महिने चनबसप्पांना जड गेले. यार्डातून बाहेर पडणारा माणूस खरोखरच आधी कुंडलिककडे थांबायचा. जुनी ओळखीची माणसं समोर गोण्या उतरवताना मान खाली घालत आणि काम झाल्यावर इकडे येऊन तब्येतीची चौकशी करत. चनबसप्पा म्हणायचे, "ठीक आहे." रात्री झोप लागत नसे, पण ते कोणाला सांगत नसत. कुंडलिक मात्र खुशाल रस्ता ओलांडून यायचा. "काका, हे ठिगळ चालंल का?" चनबसप्पा न बोलायचं ठरवून बसलेले असत. पण गोणी समोर आली की हात आपोआप शिवणीवर जाई. "नाही चालणार. दुहेरी शिव."

एके सकाळी कुंडलिककडे ट्रक लागला. माल एवढा होता की गाळ्यात मावेना. कुंडलिक खुशीत होता, फार स्वस्तात मिळाला होता. वारा चनबसप्पांच्या दुकानाकडे येत होता. चनबसप्पांच्या नाकाला लगेच कळलं: खताच्या गोण्या. धुतलेल्या होत्या, पण खताच्याच.

ते गल्ल्यावर बसून राहिले. मग दुकानाचं शटर ओढलं आणि भर दुपारी घरी गेले. गौरम्मांनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"त्याला सांगू की नको?" चनबसप्पांनी विचारलं. "बुडू दे म्हणतोय मी."

गौरम्मा म्हणाल्या, "वासाची डाळ झाली तर मिलवाला कुंडलिकचं नाव लक्षात ठेवील का? त्या बोळातला माल घेऊ नका म्हणेल. बोळात तुम्ही पण आहात की."

चनबसप्पा परत आले आणि रस्ता ओलांडला. पहिल्यांदाच. त्यांनी एक गोणी उलटी करून कुंडलिकच्या नाकाला लावली.

कुंडलिक बराच वेळ हुंगत राहिला. "मला तर कायच न्हाय येत, काका."

"अजून एक वर्ष लागेल. तोवर मला विचार."

"पैसं तर दिलं की मी." कुंडलिक ट्रकच्या फळीवर बसला. त्याचा चेहरा बघून चनबसप्पांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी वाट बघितली, तो काही आला नाही. मग त्यांनी एका नर्सरीवाल्याला फोन लावला. त्याला माती भरायला कसल्याही गोण्या चालायच्या. कुंडलिकचं नुकसान झालंच, पण दुकान वाचलं.

पुढचं कोणी ठरवून केलं नाही. एक मोठी डाळ मिल होती, तिला एकरकमी माल लागायचा. एकट्या चनबसप्पांना तेवढा कधीच पुरवता आला नव्हता. दोघांनी मिळून पुरवला. मग खरेदीही दोघं मिळून करू लागले. वास चनबसप्पांनी घ्यायचा, घासाघीस कुंडलिकने करायची, कारण चनबसप्पांना समोरच्याची दया यायची आणि कुंडलिकला येत नसे. बोळात दोन दुकानं झाल्यावर लांबलांबचे लोक भाव करायला येऊ लागले. भाव दोन्हीकडे एकच असायचा. लोक तरी दोन्हीकडे विचारायचे.

एकाने दुसऱ्याच्या दुकानावर लक्ष ठेवायची सोय झाली, तसे चनबसप्पा दुपारी जेवायला घरी येऊ लागले. गौरम्मांना हे मुळीच आवडलं नाही. त्यांची ती झोपायची वेळ होती. आठवडाभर त्यांनी गरम भाकरी वाढली, मग म्हणाल्या, "रोज येणारच असाल तर मला माहेरी तरी नेऊन आणा. लग्न आणि मयत सोडून आपण मैंदर्गीला कधी गेलोय?"

चनबसप्पांनी आठवून बघितलं. कधीच गेले नव्हते.

एका गुरुवारी किल्ली कुंडलिककडे देऊन दोघं एसटीने मैंदर्गीला गेली. गौरम्मांचे भाऊ गुरुशांत ओट्यावर बसले होते. मधल्या वारी, हातात पत्रिका नाही, पिशवी नाही, अशी बहीण आणि दाजी येताना बघून ते घाबरून उठले.

"कोण गेलं?"

"कोणी नाही," चनबसप्पा म्हणाले. "जेवायला आलोय."

गुरुशांतांचा विश्वास बसला नाही. त्यांनी आत जाऊन काव्याला फोन लावला, सगळे धड आहेत का ते विचारलं, आणि मग बायकोला चूल पेटवायला सांगितलं.