झऱ्याकाठची फडकी

आई गेल्यावर आज तिच्या साड्या आवरताना एक फाटका पदर हाताला लागला, आणि त्या झऱ्याचा कोमट, शेवाळी वास आला.

लॉकडाऊनमध्ये आई आयर्लंडला माझ्याकडे अडकली होती. घराजवळचा झरा धुक्यात वाफाळताना दिसला. कोकणातल्या गरम पाण्याच्या कुंडात पुरचुंडी बांधून शिजवतात तसे तांदूळ शिजवायला तिने काठच्या झाडाला बांधलेल्या फडक्यांतलं एक सोडलं.

"ते नको," मागून एक म्हातारा शेतकरी हळूच म्हणाला. "लोक इथे आजार बांधून जातात. फडकं कुजलं की आजार जातो."

वारा नव्हता, तरी फडकी हलत होती.

आईने ते परत बांधलं. मग दातांनी पदराची पट्टी फाडून शेजारी बांधली. मी हसले. कोणाचा आजार, हे विचारलंच नाही.

साडी नायलॉनची आहे. ती कुजत नाही.